पार्सल फुटलं तर भरपाई कुठे ठरते?

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. कुरिअरने आलेलं पार्सल उघडलं आणि आतली वस्तू फुटलेली निघाली, तर काय करायचं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: फोन करायचा, ओरडायचं, समोरून 'तक्रार नोंदवली आहे' असं ऐकायचं आणि चार आठवड्यांनी विसरून जायचं. पण कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच उभा आहे. अडचण अशी की तो ज्या कागदावर उभा राहतो, तो कागद आपल्याकडे नसतो.

मला आज एकच मुद्दा नीट मांडायचा आहे. पार्सल वाटेत फुटतं. कुठल्या तरी हबमध्ये ते पट्ट्यावरून खाली पडतं, नाहीतर ट्रकमध्ये त्याच्या डोक्यावर टाइल्सची खोकी रचली जातात. नेमकं कुठे, ते आपल्याला कधी कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. का, ते पुढे सांगतो. पण भरपाई वाटेत ठरत नाही. ती दोन टोकांना ठरते. एक टोक म्हणजे बुकिंगचा काउंटर, दुसरं म्हणजे तुमचं दार.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. मिरजेची तंतुवाद्यं तुम्हाला ठाऊकच आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. समजा, मिरजेतल्या एका कारागिराने डोंबिवलीत गाणं शिकणाऱ्या एका मुलीला तंबोरा पाठवला. किंमत ३५,००० रुपये, कुरिअरचं भाडं १,२०० रुपये. आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत. कारागिराने तारा सैल केल्या, भोपळ्याला फोम गुंडाळला, खोकं भरलं. डोंबिवलीत उघडलं तेव्हा भोपळ्याला वरपासून खालपर्यंत भेग. आता तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे काही बदलायचा स्पेअर पार्ट नव्हे. तो गेला की वाद्याचा आवाजच गेला.

आता काउंटरवर परत जाऊ. तिथला माणूस फॉर्म भरताना विचारतो, 'किंमत किती टाकू?' आणि आपण काय म्हणतो? 'टाका हो काहीतरी, हजार टाका.' कुणाला वाटतं जास्त किंमत लिहिली तर चार्ज वाढेल, कुणाला वाटतं वाटेत चोरी होईल. गंमत म्हणजे बऱ्याच वेळा काउंटरवरचा माणूसच सुचवतो की कमी लिहा, भानगड नको. त्या एका शब्दात आपण ३४,००० रुपयांवर पाणी सोडलेलं असतं.

ते कसं, ते बघा. आपल्याकडे रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे, कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट. त्याच्या आधी इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कायदा चालू होता. २००७ च्या कायद्यात वाहतूकदाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कुरिअर एजन्सी स्पष्ट शब्दांत घातलेली आहे. घरून घरी कागदपत्रं किंवा वस्तू पोचवणारी एजन्सी, असं वर्णनच आहे. त्यामुळे 'आम्ही ट्रान्सपोर्टवाले नाही, आम्ही कुरिअर आहोत' हे बोलणं तिथे चालत नाही.

या कायद्यात दोन गोष्टी आहेत. एक आपल्या फायद्याची आणि एक सांभाळून घेण्याची. फायद्याची गोष्ट अशी, की माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागत नाही. माल चांगल्या स्थितीत दिला आणि फुटलेला मिळाला, एवढं दाखवलं की पुढचं उत्तर त्यांनी द्यायचं. म्हणून मी मघाशी म्हणालो, वाटेत कुठे पडलं ते शोधायची गरज नाही.

दुसरी गोष्ट भरपाईच्या मर्यादेची. २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आत. आपल्या तंबोऱ्याचं भाडं १,२०० रुपये, म्हणजे दहापट झाली १२,०००. फॉर्मवर किंमत हजार लिहिली असेल, तर मिळणार हजार. खरी किंमत ३५,००० लिहिली असेल, तर मिळणार १२,०००. मग पूर्ण ३५,००० कधी? तर पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर भरायचं कबूल केलं असेल आणि तसं कागदावर आलं असेल, तेव्हा. काउंटरवरच्या भाषेत याला 'रिस्क सरचार्ज' किंवा 'कॅरियर्स रिस्क' म्हणतात. तोच तंबोरा, तीच भेग, पण तीन वेगवेगळी उत्तरं. आणि ती तिन्ही पार्सल निघायच्या आधी ठरलेली.

म्हणून महाग वस्तू पाठवताना खरी किंमत लिहा, बिलाची प्रत जोडा आणि जोखमीचा दर विचारा. पैसे वाचवायचे असतील तर इतर कुठेही वाचवा. 'इन्शुरन्स आहे ना?' असं नुसतं तोंडी विचारून थांबू नका. विमा असेल तर कुणाच्या नावाने आहे आणि किती रकमेचा आहे, ते पावतीवर लिहून घ्या.

पावतीवर 'ओनर्स रिस्क' असा शिक्का असतो, म्हणजे मालकाच्या जोखमीवर. तो बघून लोक हात टेकतात. टेकू नका. नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं, की मालकाच्या जोखमीवर माल घेतला म्हणून वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही. शिक्क्याचा उपयोग कंपनीला आहे, पण तो ढाल म्हणून वापरण्याएवढा नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच चित्र दाखवतोय असं होईल. १९९६ सालचा भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा निकाल कुरिअर कंपन्यांचे वकील हमखास पुढे करतात. तिथे पाठवणाऱ्याने सही केलेल्या कन्साइनमेंट नोटवर जबाबदारी १०० डॉलरपर्यंतच असल्याची अट होती. नुकसान त्याहून कितीतरी मोठं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सही केलीत ना, मग अट लागू. वाचली नव्हती हे कारण चालत नाही. त्यानंतर ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत वेगळी भूमिका घेतली. ग्राहकाची सहीच नाही, अटी भिंगातून वाचाव्या लागतील इतक्या बारीक, आणि कुणी समजावूनही सांगितल्या नाहीत, अशा वेळी ती मर्यादा लागू करायला नकार दिलेला आहे. म्हणजे सही आहे की नाही, हा प्रश्न कळीचा. पावतीच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते सही करण्यापूर्वी निदान डोळ्यांखालून घाला. अ‍ॅपवर बुकिंग केलं तर त्या अटींचा स्क्रीनशॉट ठेवा.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. तक्रार केली की कंपनीचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच: 'पॅकिंग नीट नव्हतं.' त्याला उत्तर म्हणजे खोकं बंद करण्यापूर्वीचे फोटो. वस्तू, आतलं भरण, बंद खोकं, आणि लेबल लावल्यावरचं खोकं. वर्तमानपत्राचे बोळे दाबले जातात आणि वस्तू आत खेळायला लागते, त्यामुळे जड आणि नाजूक वस्तूला दुहेरी खोकंच बरं. खोकं हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. आणि 'फ्रॅजाइल'चा लाल स्टिकर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पट्ट्यावरचं यंत्र बारकोड वाचतं, स्टिकर नाही.

आता दुसरं टोक. तुमचं दार.

बेल वाजते. डिलिव्हरीवाला घाईत असतो, त्याला आज अजून साठ-सत्तर घरं करायची असतात. तो म्हणतो, 'सही करा' किंवा 'ओटीपी सांगा'. एक विनंती आहे, त्याच्यावर चिडू नका. पार्सल त्याने फोडलेलं नाही आणि भरपाई द्यायचा अधिकारही त्याला नाही. पण ओटीपी देण्यापूर्वी खोक्याच्या सहाही बाजू बघा. कोपरा दबलाय का, टेप एकदा काढून पुन्हा लावल्यासारखी दिसते का, खोकं ओलं आहे का, वजन कमी वाटतंय का. यातलं काही दिसलं तर तिथेच व्हिडिओ सुरू करा. लेबलवरचा नंबर दिसू द्या, मग खराब झालेला भाग, मग उघडणं, आणि हे सगळं मध्ये न थांबवता एका दमात. तुकडे जोडलेला व्हिडिओ असेल तर समोरचा वकील आधी त्याच्यावरच बोट ठेवतो. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत ही मूळ नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तो ज्या फोनवर घेतला तो फोन तुमच्याकडे असेल तर ते काम सोपं होतं.

कागदावर सही असेल तर सहीच्या वर शेरा लिहा. 'माल ठीक मिळाला' या छापील ओळीखाली नुसती सही करायची नाही. शेरा अगदी साधा हवा: 'खोकं डाव्या बाजूने दबलेलं, टेप उसवलेली. आत न तपासता घेतलं.' खाली तारीख आणि वेळ. ही दीड ओळ पुढच्या दहा ईमेलपेक्षा जड असते. मोबाईलवर सही असेल आणि शेरा लिहायला जागा नसेल, तर डिलिव्हरीवाला समोर असतानाच कंपनीला तोच मजकूर ईमेल करा.

लोक विचारतात, पार्सल नाकारावं की घ्यावं? माझं मत असं: ऑनलाइन खरेदीची वस्तू असेल आणि बाहेरूनच मोडतोड दिसत असेल, तर सरळ नाकारा. ती विक्रेत्याकडे परत जाईल आणि त्याचं तो बघेल. पण आपला तंबोरा, आजीचं घड्याळ, एखादं चित्र, म्हणजे ज्या वस्तूला जोड नाही, ती नाकारली तर तीच वस्तू आणखी दोन-चार हब फिरत परत जाणार. उरलंसुरलंही जाईल आणि पुरावा तुमच्या हातातून निघून जाईल. अशी वस्तू शेरा लिहून घ्यावी.

घेतल्यावर खोकं फेकू नका. मोलकरणीने रद्दीत टाकलं, असं घरोघरी होतं. खोकं, फोम, लेबल, फुटलेले तुकडे, सगळं एका जागी ठेवा. लगेच दुरुस्तीलाही देऊ नका. आधी कंपनीला 'येऊन पाहणी करा' असं लेखी कळवा, आणि जाणकाराकडून दुरुस्तीच्या खर्चाचा किंवा 'दुरुस्त होण्यासारखं नाही' असा लेखी अंदाज घ्या. तंबोऱ्याच्या बाबतीत तो जाणकार म्हणजे वाद्य बनवणारा कारागीरच.

आता कुणाशी भांडायचं? इथे बरीच गल्लत होते. ऑनलाइन दुकानातून वस्तू मागवली असेल, तर कुरिअर कंपनीच्या मागे लागू नका. तुमचा व्यवहार विक्रेत्याशी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. 'कुरिअरकडे बघा' हे उत्तर आलं तर या नियमांचा उल्लेख करून पुन्हा लिहा.

आपल्या मिरजेच्या व्यवहारासारखं थेट कारागिराकडून घेतलं असेल तर थोडं गुंतागुंतीचं आहे. माल विक्री कायदा १९३० मधला आहे. त्याच्या कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या हाती दिला की साधारणपणे तो खरेदीदारालाच दिला असं धरतात. पण त्याच कलमात असंही आहे, की विक्रेत्याने मालाचं स्वरूप बघून वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नाही आणि माल खराब झाला, तर खरेदीदार म्हणू शकतो की ही डिलिव्हरी मला मिळालीच नाही. ३५,००० चा तंबोरा हजार रुपये किंमत लिहून पाठवणं हा वाजवी करार आहे का? मला तरी वाटत नाही. पण मी असंही सांगेन, की कारागीर आणि ती मुलगी यांनी एकमेकांशी भांडण्याऐवजी दोघांनी मिळून कुरिअरला लिहावं. पार्सल बुक त्याने केलंय आणि सेवेचा लाभ तिला मिळायचा होता. ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो. आणि कारागीर स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा असेल, तर 'तुम्ही व्यापारी आहात' असं म्हणून त्यालाही सहज बाहेर काढता येत नाही.

आता मुदत. हे लिहून घ्या. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे दावा करण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती १८० दिवसांच्या आत. हे दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजायचे, पार्सल मिळाल्यापासून नाही. कस्टमर केअरशी पाच महिने गोड बोलण्यात गेले की लोकांची ही मुदत हातची जाते. कंपनीच्या अटींत २४ तास, ४८ तास, सात दिवस अशा छोट्या मुदती असतात. त्या पाळा, पहिल्याच दिवशी ईमेल गेला की प्रश्न मिटतो. चुकून हुकली तरी लगेच हार मानू नका, कारण ठरावीक काळ उलटला की हक्कच संपला असं म्हणणारी अट करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकवणं सोपं नसतं.

नोटिशीला वकील लागतोच असं नाही. डॉकेट नंबर, बुकिंगची तारीख, पोचल्याची तारीख, काय फुटलं, किती रक्कम मागता आणि ती कशी काढली, एवढं लिहा. शेवटी पंधरा दिवसांची मुदत द्या. ईमेल कराच, शिवाय कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे निकाल लागत नाही, मध्यस्थी होते. पण बऱ्याच कंपन्या तेवढ्यावरच हलतात. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केलीय: तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पावतीवर 'फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी डोंबिवलीची मुलगी ठाणे जिल्ह्याच्या आयोगात जाऊ शकते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. मात्र मागणी ताळतंत्राने करा. वस्तूची किंमत, भाडं, मनस्तापासाठी काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च. ३५,००० च्या तंबोऱ्यासाठी दहा लाख मागितले की तुमच्या खऱ्या दाव्याचं वजनही कमी होतं.

दोन-तीन प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेत, ते घेतो.

'ओटीपी देऊन टाकला, नंतर उघडलं तर फुटलेलं. संपलं का?' नाही. ओटीपी म्हणजे खोकं तुमच्या हातात आलं एवढाच पुरावा. आतला माल ठीक होता असा त्याचा अर्थ होत नाही. पण जितका उशीर कराल तितका 'तुमच्याच घरात फुटलं असेल' हा मुद्दा बळकट होतो. आणि ओटीपीचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा. तक्रार करायला लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि भलत्याच माणसाच्या हाती सापडतात. तो म्हणतो, रिफंडसाठी ही लिंक दाबा, पाच रुपये भरा, पिन टाका. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. नंबर पावतीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच घ्या. फसलाच, तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा.

'पोस्टाने पाठवलं तर हेच नियम का?' नाही. २००७ च्या कायद्याच्या व्याख्येतून सरकारला वगळलंय, त्यामुळे टपाल खातं तिथे येत नाही. टपालाला २०२३ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात खात्याला जबाबदारीपासून बरंच संरक्षण आहे. पोस्टाने मोलाची वस्तू पाठवायची असेल तर विमा उतरवूनच पाठवा.

शेवटची चिठ्ठी एका काकूंची आहे. 'मुलगी अमेरिकेत असते. दिवाळीचा फराळ कुरिअरने पाठवला, चकल्यांचा चुरा झाला आणि डबाही फुटला. काही करता येतं का?' काकू, विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, आपल्याकडे तो १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यातून येतो. त्यात माल खराब मिळाला तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि ती पार्सल घेणाऱ्याने, म्हणजे तुमच्या मुलीने करायची. चौदा दिवस हुकले तर फसवणुकीचा प्रकार सोडला तर दावा उरत नाही. चकलीच्या चुऱ्याचे फार पैसे मिळणार नाहीत, ते मी आत्ताच सांगतो. पण डब्यासोबत चांदीचा करंडा किंवा पैठणी पाठवणार असाल, तर फराळ आणि ती वस्तू एका खोक्यात घालू नका. फॉर्मवर दोन्हींची किंमत वेगळी लिहा, आणि मुलीला सांगून ठेवा की उघडताना फोन हातात असू दे आणि काही बिघडलं तर त्याच दिवशी ईमेल कर.